बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे : पंडिता रमाबाई आणि तारणाचा अर्थ



आपल्याकडे पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की एक प्रश्न ठरलेला असतो. त्या ख्रिस्ती का झाल्या? 1883 पासून हा प्रश्न विचारला जातोय आणि उत्तरेही तीच तीच येतात. कोणी म्हणतो फूस लावली. कोणी म्हणतो वैधव्य आले, भाऊ गेला, परक्या देशात एकट्या पडल्या. कोणी म्हणतो इथल्या धर्ममार्तंडांनी छळले म्हणून गेल्या. जोतीराव फुल्यांनी 1885 च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली, ती वाचण्यासारखी आहे. पण ही सगळी उत्तरे दाराबाहेर उभे राहून दिलेली आहेत. आत काय चालले होते? ख्रिस्ती झाल्या, बरे, मग त्यांना मिळाले काय? हा दुसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. आज आम्ही तोच घेऊन आलो आहोत.

आणि याला एक कारण आहे. खुद्द रमाबाईंनीच 1907 साली आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे की बाप्तिस्मा घेतल्यावर साधारण आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त मिळालेला नाही. म्हणजे ज्या दिवसावरून आपण सव्वाशे-दीडशे वर्षे भांडतोय, तो दिवस त्यांच्या स्वतःच्या हिशेबात मुख्य दिवस नव्हताच! इतिहास लिहिणाऱ्याने या वाक्यापाशी थांबायला हवे. आम्हीही पहिल्या वाचनात ते ओलांडून पुढे गेलो होतो, हे कबूल करतो.

आता हे समजून घ्यायचे तर आधी दोन शब्द पाहू. मराठी बायबलात 'तारण' आणि 'विश्वास' हे शब्द आहेत. तारण म्हटले की आपल्याला आज बँक आठवते, सोने तारण, घर तारण. पण मूळ धातू तरणे, पार होणे. बुडणाऱ्याला कोणी तरी तारतो. ग्रीकमधला मूळ शब्द 'सोतेरिया', त्याचा अर्थही सुटका, वाचवणे असाच आहे. त्याच धातूचे क्रियापद शुभवर्तमानात रोग्याला बरे करण्यासाठीही येते. रक्तस्रावाने बारा वर्षे खंगलेली बाई येशूच्या वस्त्राला हात लावते आणि बरी होते, तिथे येशू जे म्हणतो त्यात 'बरे केले' आणि 'तारले' यांत फरक करताच येत नाही. म्हणून तारण म्हणजे फक्त मेल्यानंतरची व्यवस्था नव्हे. आमच्या मते हा शब्द मोक्षापेक्षा 'हाताला धरून वर काढणे' याच्या जास्त जवळ आहे.

दुसरा शब्द 'पिस्तिस', म्हणजे विश्वास. आपण देवावर 'श्रद्धा' म्हणतो आणि माणसावर 'विश्वास' म्हणतो. किराणा दुकानदारावर श्रद्धा कोणी ठेवत नाही. मराठी बायबलाने देवासाठी माणसाचा शब्द घेतला, हे आम्हाला फार बोलके वाटते. त्याआधी गोव्यात, साष्टीत काम करणाऱ्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 1616 साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले. त्याने वैकुंठासारखे इथले शब्द ख्रिस्ती कथेसाठी सरळ वापरले. गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीत विश्वासाला आजही 'भावार्थ' म्हणतात. भाव आहे तिथे देव, ही आपल्या ओळखीची भाषा. 'विश्वास' त्याहून जरा व्यवहारी आहे. मी तुझ्यावर भिस्त ठेवली, आता तू बघ, असा.

पण विश्वासाचे आणखी एक अंग आहे, आणि घोटाळा तिथेच होतो. विश्वास म्हणजे अमुक गोष्टी खऱ्या मानणे. देव एक आहे, त्रैक्य आहे, येशू देवाचा पुत्र आहे, अशी यादी. यादीला होकार देणे एक, आणि एखाद्यावर भार टाकणे वेगळे. पूल भक्कम आहे हे मान्य करणारे पुष्कळ असतात, त्यावर पाऊल ठेवणारे कमी. रमाबाईंची आठ वर्षे या दोहोंच्या मधली आहेत.

थोडे मागे जाऊ. 1858 चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे, बायकोला संस्कृत शिकवले म्हणून गाजलेले. हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करत, देवळात पुराण सांगत फिरत राहिले. मिळेल ते दानधर्मात घालवले. पुण्य साठत जाईल आणि देव प्रसन्न होईल, हा हिशेब. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात, दक्षिणेत, हे लोक अन्नाला मोतद झाले. वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले होते. मुलगा म्हणाला, मी मजुरी करीन, पण हे नको. त्यानंतर लवकरच वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. उरले रमा आणि श्रीनिवास. ही भावंडे पायी उत्तरेत गेली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून रात्र काढली, असे त्यांनी लिहिले आहे. हे वाचल्यावर 'फूस लावली' म्हणणाऱ्यांचे आम्हाला नवल वाटते. असल्या माणसाला फूस लावणे इतके सोपे असते का?

याच प्रवासातली दुसरी एक हकिगत आहे. हिमालयाच्या बाजूला एका तळ्यात सात डोंगर तरंगतात, आणि पुण्यवान यात्रेकरू काठावर आला की ते त्याच्याकडे सरकतात, अशी ख्याती होती. पुजारी सांगत, पाण्यात उतरू नका, मगरी आहेत. श्रीनिवास भल्या पहाटे गुपचूप पाण्यात उतरला आणि पोहत गेला. डोंगर म्हणजे तराफ्यावर चढवलेली माती आणि वर लावलेली झाडे. मागून ढकलणारे हात पुजाऱ्यांचे. यानंतर पुढच्या आयुष्यात रमाबाईंना कोणी म्हटले, 'विचारू नका, मान्य करा,' की त्यांना ते तळे आठवत असणार. हा आमचा तर्क आहे, पण त्यांची वाँटेजची पत्रे वाचताना तो टाळता येत नाही.

1878 मध्ये कलकत्ता, तिथे 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या. केशवचंद्र सेनांनी वेद वाचायला सांगितले. शास्त्रे आता त्यांनी स्वतःसाठी वाचली, आणि त्यांना दिसले की बाकी सगळ्या बाबतीत भांडणारे ग्रंथ एका बाबतीत एकमत आहेत. स्त्रीला, मग ती उच्च जातीची असो की नीच मानलेल्या, पुरुषासारखा मोक्षाचा अधिकार नाही. पतिसेवा करावी, पुढे कधी तरी वरचा जन्म मिळेल, मग पाहू. म्हणजे ज्या मार्गावर आईबापांनी सर्वस्व घालवले, त्याच्या शेवटी स्वतःसाठी दारच नव्हते. 1880 मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न, 1881 मध्ये मनोरमेचा जन्म, 1882 च्या फेब्रुवारीत पती कॉलऱ्याने गेले. सिल्चरला असताना घरातल्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची छोटी बंगाली प्रत त्यांना सापडली होती. बी तिथे पडले म्हणा हवे तर.

पुण्यातली 1882 ची कामगिरी, आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढची साक्ष, हे आपल्याला ठाऊक आहे. 1883 मध्ये त्या इंग्लंडला वैद्यक शिकायला गेल्या. कानाने कमी ऐकू येई, त्यामुळे ते राहिले. वाँटेज गावी सेंट मेरी मठातल्या भगिनींकडे उतरल्या. बरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. आणि 29 सप्टेंबर 1883 ला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

त्याआधी एक घटना घडली होती. लंडनजवळ फुलॅमला या भगिनींचे, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी एक घर होते. ते रमाबाईंनी पाहिले. आपल्याकडे अशा बाईला प्रायश्चित्तही नाही, गावाबाहेर घालवतात, आणि इथे लोक तिच्याशी मायेने बोलतात! असे का, म्हणून त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली गेली. विहिरीवरची बाई, पाच नवरे झालेली, आणि तिच्याशी धर्माचे गूढ बोलणारा येशू. शिवाय नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, काशीचे ब्राह्मण पंडित, 1848 मध्ये ख्रिस्ती झालेले, त्यांच्या लिखाणाने बुद्धीची खात्री पटवली. तेव्हा 1883 मध्ये त्यांनी जे स्वीकारले ते काय होते? स्त्रीपुरुषांना, जातीजातींना एकच दार असलेला, बुद्धीला पटलेला धर्म. हे थोडे नाही. आमच्यासारख्याला तर एवढे पुरेसे वाटेल.

पण वाँटेजच्या भगिनींना ते पुरेसे वाटत नव्हते, आणि इथून पत्रांची ती विलक्षण लढाई सुरू होते. सिस्टर जेराल्डीन यांनी ती पत्रे जपली, आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली 1977 साली ती छापून आली. ज्यांना इंग्रजी जमते त्यांनी जरूर मिळवून वाचावीत. सिस्टर म्हणतात, तू आता मंडळीची, म्हणजे चर्चची लेक आहेस, चर्च सांगते ते नम्रतेने मान. रमाबाई म्हणतात, एका पुरोहितशाहीतून मोठ्या कष्टाने सुटले, ती दुसरीच्या हाती मान द्यायला नव्हे. त्रैक्य शुभवर्तमानात कुठे आहे ते दाखवा. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, माझ्या लोकांना ती कळणार नाहीत, संस्कृत चालेल. अंडे घातलेले गोड पदार्थ खाणार नाही. सिस्टरांना यात जातीचा अभिमान दिसे. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. घ्या! हिंदुस्थानातले दोन बिशप आणि पुण्यातले सनातनी यांचे निदान एका मुद्द्यावर जमले.

आता इथे इंग्लंडच्या चर्चमधला एक भेद समजला पाहिजे, नाही तर पुढचे कळणार नाही. वाँटेजचा मठ ऑक्सफर्ड चळवळीच्या वळणाचा होता. या पंथाचे म्हणणे असे की देवाची कृपा संस्कारांतून, चर्चच्या हातून येते. बाप्तिस्म्याच्या पाण्यातच नवा जन्म होतो. त्यामुळे सिस्टर जेराल्डीनच्या दृष्टीने रमाबाईंचे तारण सुरू झालेच होते, फक्त मत बरोबर करायचे राहिले होते. दुसरा पक्ष इव्हँजेलिकल. ते म्हणत, पाण्याने काही होत नाही, माणसाने स्वतः ख्रिस्तावर भार टाकला पाहिजे. 1850 साली हा वाद गोरहॅम नावाच्या एका पाद्र्याच्या खटल्यात थेट प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला होता. आपल्याला प्रिव्ही कौन्सिल ताई महाराज प्रकरणामुळे माहीत. पण तिथे बाप्तिस्म्याचाही न्यायनिवाडा झालेला आहे!

वाद याहून जुना, हे उघड आहे. पौलाने रोमकरांस लिहिले की माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे, तर विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोबाच्या पत्रात म्हटले आहे की कर्मांवाचून विश्वास मेलेला. ल्यूथरने 1522 च्या जर्मन भाषांतरात पौलाच्या वाक्यात 'केवळ' हा शब्द घातला आणि त्या एका शब्दावरून युरोप पेटला. 1547 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने 'केवळ विश्वास' नाकारला. पुढे कॅथलिक आणि ल्यूथरन यांनी या विषयावर एकत्र निवेदनावर सह्या केल्या त्या 1999 मध्ये. पण आपण केडगावकडे निघालो आहोत, तेव्हा हे इथेच सोडू.

1886 मध्ये त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या, पुस्तक लिहिले, पैसा उभा केला, आणि 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. बाहेरून पाहणाऱ्याला ही यशाची वर्षे. आणि नेमक्या याच काळात, 1891 च्या सुमारास, त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचे आत्मचरित्र पडले.

हा हॅस्लम कोण? कॉर्नवॉलमधल्या बाल्ढू गावचा पाद्री. आणि लक्षात घ्या, तोही आधी वाँटेजच्याच वळणाचा, संस्कारांवर भर देणारा. 1851 मध्ये एका रविवारी तो व्यासपीठावरून प्रवचन करत असताना, स्वतःच्याच शब्दांनी त्याला उमगले की आपण लोकांना जे सांगतोय ते आपल्यापाशी नाही. बोलता बोलता त्याचा चेहरा बदलला आणि खालून कोणी तरी ओरडले, पाद्रीबुवांचे परिवर्तन झाले! धर्माचा अधिकारी, बाप्तिस्मा झालेला, दीक्षा झालेला, आणि आत रिकामा. रमाबाईंना त्यात आपण दिसलो. वाँटेजने त्यांना ज्या यादीला होकार द्यायला सांगितला होता, त्यातल्या बऱ्याच गोष्टींना त्यांनी झगडून का होईना होकार दिला होता. पण होकारावर कोणी तरत नाही. आपल्या हातून काही होणार नाही, पुण्य नाही, विद्या नाही, समाजकार्यही नाही, आणि देणारा फुकट देतोय, एवढेच खरे, हे त्यांना तेव्हा पटले. पटले म्हणण्यापेक्षा, त्यांनी हात सोडून दिला.

आता विचार करा. ज्या मुलीने आईबापांना पुण्य साठवता साठवता उपाशी मरताना पाहिले, तिला 'फुकट' हा शब्द काय वाटला असेल? ख्रिस्ती परिभाषेत याला कृपा म्हणतात. आपल्या कानाला तो सौम्य, देवघरातला शब्द वाटतो. त्यांच्या बाबतीत तो हिशेबाची वही फाडण्याचा शब्द होता. पश्चिमेच्या अभ्यासकांना इथे ल्यूथर आठवतो. आम्हाला अनंतशास्त्री आठवतात.

पण याची किंमत होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे खोटेपणाचे होईल. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे वचन होते. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनची तीच अट होती आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर त्याच भरवशावर सल्लागार झाले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, मुली येऊन बसत. कोणाला बोलावले नाही, कोणाला हाकलले नाही, ही त्यांची बाजू. 'केसरी'ची बाजू अशी की अनाथ, आश्रित, कोवळ्या विधवेपुढे उघडे दार हेच आमंत्रण. 1893 मध्ये रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आमचे मत विचाराल तर, अटीच्या शब्दात रमाबाई होत्या, अटीच्या भावात नव्हत्या. 1889 च्या रमाबाईंना तटस्थ राहणे सोपे होते, कारण त्यांच्याकडे धर्म होता. धर्म आपल्यापुरता ठेवता येतो. बुडताना वाचलेला माणूस मात्र दुसऱ्या बुडणाऱ्यासमोर दोर लपवून ठेवू शकत नाही, निदान त्याला तसे वाटते. आणि काठावरच्याला प्रामाणिकपणे वाटते की तो बुडतच नाहीये. दोघांची भांडणे कधी मिटायची?

पुढे 1896-97 चा दुष्काळ. मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे 300 मुली आणि बायका आणल्या. पुणे-दौंड मार्गावर केडगावला जमीन होती, तिथे वस्ती उभी राहिली. नाव काय ठेवले? मुक्ती. वडिलांच्या पोथ्यांतला शब्द. जे दार शास्त्राने स्त्रीला नाकारले, त्याचेच नाव त्यांनी वेशीवर लावले. भुकेल्या पोरीने भाकरीसोबत घेतलेला विश्वास खरा मानायचा का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि रास्तच आहे. आमच्याकडे त्याचे उत्तर नाही. एवढेच म्हणू की हा प्रश्न विचारणाऱ्यांत आणि रमाबाईंत फरक होता. देवळाच्या ओसरीवर उपाशी पोटी पुराण सांगून त्यांनी बालपण काढले होते. भूक आणि देव यांचा संबंध त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. मुक्तीत मुलींना विणकाम, शेती, छापखाना शिकवला जाई, आंधळ्या मुलींनाही काम शिकवले जाई. तारण या शब्दातले 'बरे करणे' तिथे हिशेबात धरले होते.

आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी बायबलाचे भाषांतर करण्यात घालवली. उतारवयात ग्रीक, हिब्रू शिकल्या. आधीच्या मराठी बायबलातली संस्कृतप्रचुर भाषा त्यांना नको होती. एक कारण असे की अशा शब्दांना जुन्या शास्त्रांचे अर्थ चिकटून येतात. दुसरे, खेड्यातल्या बाईला ते कळत नाहीत. संस्कृतसाठी 'सरस्वती' ही पदवी मिळवलेल्या बाईने संस्कृत गाळायला बसावे, यातले विरोधाभास मोजत बसलो तर रात्र होईल. हे भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात, मुलींनी खिळे जुळवून छापले. भाषेच्या दृष्टीने ते नेहमी जमलेय असे आम्ही म्हणणार नाही. सोपेपणाच्या हट्टापायी काही ठिकाणी वाक्य अडखळते. चर्चमध्ये ते रुळलेही नाही.

1921 च्या जुलैत मनोरमा गेली. जिच्यावर मुक्तीचा सगळा भार सोपवायचा होता ती एकुलती एक मुलगी, चाळिशीची. रमाबाईंना स्वतःला बरे नव्हते, कान जवळजवळ गेले होते. त्या प्रुफे तपासत राहिल्या. 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते 1924 साली.